गल्लीतल्या चार तितिक्षा

'सुमती' या हाकेला माझ्या आत्यानं आयुष्यात कधी मान वळवली नाही. कान तिचे शाबूत होते. दूध उतू जायच्या आधी जो बारीक आवाज येतो तो तिला बाहेरच्या खोलीत ऐकू यायचा, आणि भाजीवाला गल्लीच्या टोकाला असतानाच ती पिशवी घेऊन दारात उभी असायची. पण सासूनं 'सुमती' म्हटलं की ही पोळी लाटत राहायची. दुसरी हाक, तिसरी हाक. शेवटी तिची सासू, जिला आम्ही सगळे अज्जी म्हणायचो, दुखरे गुडघे सांभाळत स्वयंपाकघराच्या दाराशी यायची आणि म्हणायची, तुला सांगतेय. मग आत्या गोड आवाजात विचारायची, काही हवं होतं का? मी एकदा म्हटलं, अगं, त्यांचे गुडघे दुखतात. ती म्हणाली, "गुडघे तिचे, हाक तिची. मी काय करू?"

आत्याचं माहेरचं नाव तितिक्षा. माझे आजोबा निपाणीला शाळेत संस्कृत शिकवत. आजूबाजूला मुलींची नावं मालती, सुशीला, शकुंतला अशी असताना त्यांनी आपल्या लेकीसाठी थेट वेदान्तातून नाव उचललं. तितिक्षा म्हणजे सोसणं. ऊन-थंडी, सुख-दुःख, मान-अपमान, सगळं कुरकुर न करता सोसायचं आणि उलट फेड करण्याचा विचारसुद्धा मनात आणायचा नाही. हा अर्थ आजोबांनी मुलीला पुन्हा पुन्हा समजावला. तिनं तो पाठ केला आणि मग त्यांच्याच जाडजूड कोशात त्या शब्दाचं मूळ शोधून काढलं. ते निघालं 'तिज्', म्हणजे तीक्ष्ण होणं, धार येणं. "अर्थ बाबांचा, मूळ माझं," असं ती सांगायची, आणि तिच्याशी ज्यांचा संबंध आला त्यांना ते सांगण्याचीही गरज नसायची.

लग्न होऊन ती बंगळूरला चामराजपेटेत आली. सासर जुनं, तिथंच मुरलेलं, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारं. आतोबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. लग्नात आपल्या रीतीनं ताटात तांदूळ पसरले आणि आतोबांनी अंगठीनं त्यात नाव लिहिलं. नाव बदलणार आहेत हे आत्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तांदळात 'सुमती' पाहून तिनं सगळ्यांदेखत विचारलं, जुन्यात काय वाईट होतं? अज्जी म्हणाली, "नाव हाक मारायला असतं, अर्थ लावत बसायला नव्हे. माझंही बदललं होतं. मी काय मेले?"

हा प्रसंग आत्यानं मला शंभरदा सांगितला असेल आणि दर वेळी तितक्याच संतापानं. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, की हिचं बदललं तेव्हा ही रडलीच असणार, मग हिनं माझं का बदलावं? आतोबा बिचारे मधल्या मधे सापडले. त्यांनी दोन्ही नावं टाळली आणि उभा संसार 'ऐकलंस का' एवढ्यावर निभावला. त्यांना मी माफ केलंय, असं आत्या म्हणायची. मला ते खरं वाटत नाही, कारण त्यांच्या चहात साखर कायम कमी असायची.

अज्जीची एकच चूक झाली. घरात आणलेली सून ही कुणाची तरी आत्याही असते, आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो, हे ती विसरली. माझे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, नोकरीनिमित्त बंगळूरला आले, दोन गल्ल्या सोडून राहू लागले, आणि माझा जन्म झाला. बारशाला आत्या पाळण्यावर वाकली, माझ्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, तेही कानात न सांगता सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं. तितिक्षा. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घातले. शेवटचा बुक्का अज्जीचा होता आणि तो रीतीचा नव्हता. आत्या हे सांगताना पाठ चोळून दाखवायची. त्या बुक्क्यावरून मला कळलं, घाव बसला, असं म्हणताना तिचा चेहरा फुलून यायचा. आईनं दबक्या आवाजात विचारलं होतं, तुमचंच नाव भाचीला कसं ठेवता? आत्या म्हणाली, "माझ्याकडून काढून घेतलंय ना? मग ते रिकामं आहे. कुणालाही देता येतं."

आणि तिनं ते खरंच कुणाकुणाला दिलं. आजोबांची नावांची वही तिच्याकडे होती, पंचांग पाहता यायचं, त्यामुळे गल्लीत मूल झालं की माणसं तिच्याकडे यायची. कन्नड शेजारी तिला हेसरू अक्का म्हणत, म्हणजे नावं सांगणारी अक्का. मुलगा झाला असेल तर ती वहीतून चारपाच नावं वाचून दाखवायची, आवडेल ते घ्या म्हणायची. मुलगी झाली की मात्र पंचांग उघडायची. मूल विशाखाच्या पहिल्या चरणावर असेल तर 'ती' अक्षर येतंच, प्रश्नच मिटला. नसेल तर पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं ठेवायला काय हरकत आहे, असं ती समजावायची. अर्थ विचारला तर सांगायची, सहनशील. आईबापांना मुलीसाठी याहून चांगलं काय हवं असतं? फूलवालीची नात, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची मुलगी, समोरच्या शिंप्याची धाकटी आणि मी, अशा आम्ही चौघी झालो. बंगळूरभर शोधून जे नाव सापडलं नसतं, ते आमच्या गल्लीत तिन्हीसांजेला चार दारांतून ऐकू यायचं.

अज्जी संध्याकाळी ओट्यावर बसायची. मुली खेळत असायच्या, आणि त्यांच्या आया ते नाव हाकारत राहायच्या. आत्या खिडकीशी तांदूळ निवडत बसून अज्जीचा चेहरा पाहायची. पण अज्जीही काही कमी नव्हती. तिनं आम्हा चौघींनाही कधी त्या नावानं हाक मारली नाही. ए पोरी, इकडे ये. एवढंच. आत्याला खरं तर त्या तोंडून ते नाव एकदा ऐकायचं होतं, बाकी सगळा खटाटोप त्यासाठी होता. ती मला म्हणायची, "एकदा म्हणू दे. एकदाच. मग मी सगळं सोडून देते."

आई नोकरी करायची, त्यामुळे शाळा सुटली की मी आत्याकडे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, तसं माझं झालं. आत्याचा राग मी माझा समजून वाढवला. अज्जीनं मागितलेलं पाणी मी द्यायची, पण जरा उशिरानं. ती 'ए पोरी' म्हणाली की मी विचारायची, कुठली? मला अज्जी मनापासून आवडत नव्हती आणि ते लपवावं असं कुणी मला शिकवलंही नव्हतं.

मी नववीत असताना अज्जीनं अंथरूण धरलं. आत्यानं तिची जी सेवा केली तशी पोटच्या मुलीनं केली नसती. रोज अंग पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, गंजी, म्हणजे भाताची पेज, चमच्याचमच्यानं भरवायची. सगळी गल्ली वाखाणायची. मला ठाऊक होतं की त्यात प्रेम किती आणि आपल्याला कुणी नावं ठेवायला नकोत हा तिचा हट्ट किती. हाकेचा प्रश्न आत्यानं अज्जीच्या उशाशी पूजेतली घंटा ठेवून सोडवला होता. अज्जी घंटा वाजवायची, आत्या जायची, दोघी एकमेकींशी फार बोलत नसत.

एके दुपारी आत्या गच्चीवर वाळवण पाहायला गेली होती. मी बाहेर भूगोलाचे नकाशे भरत होते. घंटा वाजली नाही. आतून हाक आली, "तितिक्षा." मी आत गेले आणि विचारलं, काय हवंय?

अज्जीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "तू नव्हे. तुझी आत्या. तिला बोलाव."

गच्चीला बारा पायऱ्या होत्या. मी तिथंच उभी राहिले. मला आठवतं, आनंद झाला होता, आणि त्या आनंदात मला वाटलं की हिला इतक्या स्वस्तात सोडायचं नाही. आत्यानं इतकी वर्षं वाट पाहिली, हिनं दोन दिवस पाहावी. मी म्हटलं, "आत्या बाजारात गेलीय."

अज्जी 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली आणि भिंतीकडे वळली. संध्याकाळी तिला ताप भरला. त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी गेली. मी आत्याला सांगणार होते, अगदी खरं, फक्त आणखी थोडं थांबून. आता सांगायचं म्हणजे पायऱ्या का चढले नाही तेही सांगावं लागणार होतं. मी गप्प बसले.

त्यानंतर आत्या वीस-बावीस वर्षं जगली. नाव बदलायला सरकारी कागद करून घे, असं मी नोकरीला लागल्यावर सुचवलं, तर म्हणाली, मला कागदाची हाक नको होती. आता हे नाव मोबाइलवरच्या याद्यांत सापडतं, दुर्मिळ आणि आधुनिक म्हणून. मागे माझ्या कोरमंगलाच्या ऑफिसात याच नावाची नवी मुलगी आली, वडील चामराजपेटेत ऑटो चालवणारे. मी आत्याला फोनवर सांगितलं. ती हसली, आणि मग त्या मुलीला घरीही याच नावानं हाकारतात का, ते तिनं विचारलं.

आतोबा गेल्यावर मी तिला इंदिरानगरला माझ्याकडे आणलं. गेल्या वर्षी ती थकत गेली. एका सकाळी मी तिच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा ती छताकडे पाहत म्हणाली, "म्हातारी हट्टी निघाली. शेवटपर्यंत म्हटलं नाही तिनं."

मी तेल चोळत राहिले.

"एकदा म्हणाली असती ना," आत्या म्हणाली, "तर मी जवळ जाऊन बसले असते गं. बोलले नसते काही. नुसती बसले असते."

तिचे पाय गार पडले होते. मी अजून थोडं तेल घेतलं आणि म्हटलं, "हो आत्या. फार हट्टी होती."