हुद्दा उतरवताना

बायोडेटा टाइप करून देणाऱ्या दुकानात मी माझ्या नंबराची वाट बघत होतो. पुढच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घातलेले, पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते.

“काका, शेवटचं पद सुपरवायझर ना?” टाइप करणाऱ्या मुलीनं विचारलं.

“ते खोड. हेल्पर लिही.”

“अहो, लोक वाढवून लिहितात!”

“दोन ठिकाणांहून ‘तुम्ही मोठ्या हुद्द्यावरचे’ म्हणून परत पाठवलं, बाळा. कारखाना बंद होऊन आठ महिने झाले. आणि खोटं कुठंय? हेल्पर म्हणूनच लागलो होतो. सुपरवायझर व्हायला बावीस वर्षं लागली.”

मला माझा पहिला बायोडेटा आठवला. तरुणपणी मी ऐटीत ‘विभागप्रमुख’ असं लिहिलं होतं. त्या विभागात मी आणि एक टेबलफॅन. फॅनही माझं ऐकत नसे. न चढलेल्या पायरीवर उभं राहताना मला काहीच वाटलं नव्हतं. हे गृहस्थ मात्र बावीस वर्षं चढलेला जिना उतरत होते, तोही मान ताठ ठेवून. पोटासाठी मोठेपणा मिरवणारे मी खूप पाहिले होते. मोठेपणा घडी घालून खिशात ठेवणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

मुलीनं एकेक अक्षर सावकाश पुसलं.

“किती प्रती काढू?”

“पाच.” ते उठले आणि पुन्हा बसले. “आणि एक सुपरवायझरवाली काढ.”

“ती कुठं देणार?”

“कुठं नाही. घरी बायको वाचायला मागते.”