सुईची वाट पाहणाऱ्या कुमुदताई

भवानीनगरच्या दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही दोघी गोळ्यांच्या डब्यांत कापूस भरत बसलो होतो. डॉ. कुमुदताई साबळे यांची नि माझी ती पहिली ओळख. मी समुपदेशक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. कापूस कशाला, असं मी विचारलं.

"पिशवीत डबी खुळखुळली की एसटीत शेजारची बाई विचारते, कसल्या गोळ्या?" ताई म्हणाल्या आणि शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवली. एचआयव्हीच्या गोळ्या रोज, जन्मभर घ्यायच्या असतात. त्या गिळण्यापेक्षा लपवणं अवघड, हे मला त्या दुपारी कळलं.

कळूनही चूक मीच केली. काम राहिलं की सुवाच्य अक्षरात स्मरणपत्र पाठवावं, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलेलं. निमगाव केतकीच्या रंजनाची (नाव बदललं आहे) गोळ्या न्यायची तारीख चुकली, म्हणून मी तिला आजाराच्या नावासकट पोस्टकार्ड टाकलं. पोस्टमननं ते अंगणात तिच्या सासूबाईंना वाचून दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी ताई मला घेऊन तिच्या घरी गेल्या. रंजनाचं ताट आणि तांब्या वेगळा काढलेला होता. ताईंनी तिलाच चहा करायला सांगितला, सगळ्यांदेखत पहिला घोट घेतला आणि सासूबाईंजवळ बसून त्यांना सारं समजावलं. मग सासूबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, चहानं हुत न्हाय, ह्ये पटलं. पर गोळी रोज खायची, म्हंजी रोज हितं त्या रोगाची आठवन. त्येला काय औशिद हाय का?"

"न्हाय, आत्या," ताई म्हणाल्या. "अजून न्हाय."

त्या 'अजून'नं ताईंना निवृत्तीनंतरही स्वस्थ बसू दिलेलं नाही. आता रोजच्या गोळीऐवजी दोन महिन्यांतून एकदा घ्यायची सुई निघाली आहे. तिचं औषध शरीरात हळूहळू उतरत राहतं. लागणच होऊ नये म्हणून वर्षातून दोनदा घ्यायची सुईही आहे. आमच्या दवाखान्यातल्या एचआयव्ही केंद्रापर्यंत मात्र यातली एकही पोहोचलेली नाही. ताई अर्ज धाडतात, उत्तर आलं नाही की पुन्हा धाडतात. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या सत्काराचा विषय काढला, तर म्हणाल्या, "सत्कार थांबेल गं. रंजना थांबेल का?"

कारण गेल्या महिन्यात रंजनाच्या मुलाचं लग्न झालं. घर पाहुण्यांनी भरलं, डबी उघडायला कोपरा मिळेना, आणि आठवडाभर गोळ्या चुकल्या. असं वरचेवर झालं तर त्या गोळ्या लागू पडेनाशा होतील. आणि विषाणू दबलेला असेल, तरच सुईवर जाता येतं. हे लिहिताना मलाही चैन नाही.

ताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, आणि ते वाट पाहण्यात न जाता ती सुई स्वतःच्या हातानं देण्यात जावो. सत्कार समितीला त्यांचा निरोप असा: शाल रंजनाच्या सासूबाईंना घरी नेऊन द्यावी, थंडीत त्यांचे गुडघे धरतात. फळं वॉर्डात वाटावीत. भेट द्यायचीच तर केंद्राला फ्रीज द्यावा, सुईचं औषध थंड ठेवावं लागतं. सुई आली की, तपासणी नीट असेल तर, पहिली रंजनाला. तेव्हा फोटो काढू नयेत. तोवर तिच्या घरी पाहुणे आले की गोळी पोहोचवायचं काम मी मागून घेतलं आहे. ते दुसऱ्या कुणाला देऊ नये.