राजक्का आणि तीन दवाखान्यांचं यंत्र

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं घरं तीन होती, पाहुणा यंत्र होतं, आणि उपाशी राहिली आमची राजक्का.

राजक्का म्हणजे माझी थोरली बहीण राजमती. निपाणीत तंबाखूच्या व्यापाऱ्याला, बाळगोंडा आप्पांना, दिलेली. माणूस म्हणून अशी की वखारीतल्या बायकांची भांडणं ती नुसती समोर जाऊन उभी राहिली तरी मिटायची. कानडीत दटावायची आणि मराठीत समजूत घालायची. तिच्या गळ्याशी गाठ आली, तेव्हा मी चिकोडीला मास्तर होतो. हात थरथरायचे, छाती धडधडायची, दोन माणसांचं जेवायची आणि तरी दिवसेंदिवस वाळत चालली होती.

निपाणीच्या दवाखान्यातले आमचे परशराम डॉक्टर मूळचे बेळगुंदीचे, सरळ माणूस. ते म्हणाले, "आक्का, तुमचं शरीर आतनं फार जोरात जळतंय. गाठ कापायला पायजे. पण किती जळतंय हे मोजल्याशिवाय मोठ्या दवाखान्यातले सर्जन हात लावणार न्हाईत."

मोजायचं यंत्र होतं. बेळगाव, चिकोडी आणि निपाणी अशा तीन दवाखान्यांनी वर्गणी काढून आणलेलं. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी धरायची, आणि निपचित पडून श्वास घ्यायचा. शरीर किती प्राणवायू खातंय ते एक सुई कागदावर रेघ ओढून सांगायची. यंत्र पाळीपाळीनं फिरावं असं ठरलं होतं. पण बेळगावचे एक मोठे डॉक्टर संशोधन करत होते. त्यामुळं यंत्र तिथं महिना महिना मुक्काम करायचं आणि आमच्याकडं उभ्या उभ्या येऊन जायचं.

जेठात परशराम डॉक्टरांनी निरोप धाडला, उद्या सकाळी यंत्र येतंय, आक्कांनी उपाशी यावं. रात्रीचं जेवण नको, एवढाच त्यांचा अर्थ. पण आमच्यात उपास म्हणजे नुसतं रिकामं पोट नव्हे. राजक्का बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात गेली, देवासमोर उभी राहिली आणि नेम घेतला की मोजणी होईपर्यंत अन्न घेणार नाही.

सकाळी सर्व्हिस मोटार आली. यंत्र आलं नाही. बेळगावकरांचं काम उरकलं नव्हतं म्हणे. दुसऱ्या दिवशीही नाही. नेम तर मोडता येत नाही. राजक्का गाळून उकळलेल्या पाण्यावर राहिली. पाच-सहा दिवसांनी यंत्र उगवलं, तेव्हा तिला दोघींनी धरून नेलं. परशराम डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी हाय न्हवं?" बाळगोंडा आप्पा अभिमानानं म्हणाले, "तुमी सांगितल्यापेक्षा जास्तच हाय." डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, दुपारपासूनचा असेल.

रेघ जवळजवळ निरोगी माणसासारखी निघाली. कागद बघून सर्जननी कळवलं, आजार गाठीचा दिसत नाही, मनाचा असावा.

मी सुट्टीत आलो आणि मला हे कळलं. तडक दवाखान्यात गेलो, उपासाची हकिकत सांगितली. परशराम डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो मास्तर, इतके दिवस पोटात काय न्हाय म्हटल्यावर शरीर आपसूक आग कमी करतंय. रेघ खोटी आली. परत मोजायला पायजे."

परत! यंत्र तर बेळगावच्या वाटेला लागलं होतं. मी स्वतः बेळगावला जाऊन आलो. मोठे डॉक्टर भेटलेच नाहीत. त्यांच्या माणसानं सांगितलं, बाहेरचा रोगी इथं मोजत नाही, पाळी आली की यंत्र तिकडं येईल. आषाढ गेला, श्रावण गेला. राजक्काला जिना चढवेना.

आणि भाद्रपदात यंत्र निपाणीत आलं. दवाखान्यात नव्हे, बस्तीशेजारच्या धर्मशाळेत! दशलक्षण पर्वात आमची माणसं दहा दहा दिवस उपास करतात, त्यांचा अभ्यास करायला मोठे डॉक्टर जातीनं आले होते. परशराम डॉक्टरांनी आधी राजक्काचं मोजा म्हणून विनंती केली. मोठे डॉक्टर म्हणाले, "मला निरोगी उपवासी हवेत. आजारी माणूस या अभ्यासात बसत नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्रात आमचीही वर्गणी होती की!

दुसऱ्या दिवशी सकाळी राजक्का धर्मशाळेत गेली. यावेळी फक्त रात्रीचं जेवण टाळलं होतं. सरळ खाटेवर आडवी झाली आणि म्हणाली, "मी उठत न्हाय."

मोठे डॉक्टर चिडले. बाहेर उपासकऱ्यांची रांग होती. सगळ्यांत पुढं जयाबाई, आठवा उपास, बसल्या जागेवरून बोलल्या, "आदी तिचं हू दे. न्हाईतर आमी कोण बी तुमच्या नळीत फुकणार न्हाय." रांगेतले सगळे उठायच्या तयारीत दिसले.

मोजावं लागलं. सुई अशी चढली की मोठे डॉक्टर खुर्ची सोडून उभे राहिले. "बाई, इतकं वाढेपर्यंत होतात कुठं?"

राजक्कानं नाकाचा चिमटा काढला. "हितंच हुतो. तुमी न्हवता."

त्यांनी तिथल्या तिथं चिठ्ठी लिहून दिली. आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. सर्जननी कागद बघितला, मग तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, आता काळीज थकलंय. चाकू सोसणार नाही. जेठात आणायला हवं होतं."

मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? बाहेर बाकावर राजक्का बसली होती. माझ्या तोंडाकडं बघून तिला सगळं कळलं. बाकाचा काठ धरून ती उठली.

मग म्हणाली, "चल रं, कुठंतरी भाकरी बघ. लई भूक लागलीया."