बाबांनी धुतलेले केस

त्या फेब्रुवारीत रामदासपेठेच्या वळणावर माझी स्कूटी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर पार कोपरापर्यंत. मी तिथल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते. त्यांनी सुटी दिली. घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आई काही वर्षांपूर्वी गेली, आणि सावनेरकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाल्यावर बाबा माझ्याजवळ नागपूरला राहायला आले. स्वयंपाक ते करत, भांडीही घासत. बाकीचं मी डाव्या हातानं निभावून नेईन असं वाटलं होतं. केसांचा विचारच मनात आला नव्हता.

आणि केसांची तेव्हा फार वाईट अवस्था होती. मुळात माझे केस कुरळे आणि दाट. नोकरी लागली त्याच सुमारास मी पार्लरमध्ये जाऊन ते औषध लावून सरळ करून घेतले. वाऱ्यावर उडणारे केस आयुष्यात पहिल्यांदाच मिळाले होते, मी खूश होते. मग मुळांशी कुरळी वाढ दिसायला लागली की मी पुन्हा जाई. जुन्या केसांवरही औषध पुन्हा पुन्हा चढत गेलं. हळूहळू केसांची टोकं काथ्यासारखी झाली. उशीवर, ओढणीवर, रजिस्टरच्या पानांवर केसांचे तुकडे पडायचे. तेल चोपडलं तर ते वर तसंच चिकटून राही, आत केस कोरडा तो कोरडाच.

प्लास्टर घातल्यावर आठवडाभर मी केस तसेच गुंडाळून ठेवले. मग एका सकाळी न्हाणीघरात एका हातानं धुवायला बसले. गुंता इतका झाला की कंगवा मधेच अडकला, निघेना. मी तिथेच पाटावर बसून रडायला लागले. बाहेरून बाबांनी दार वाजवलं.

"काय झालं वं?"

"काही नाही."

"मंग इतका वेळ काय करून राहिली?"

मी कपडे सावरून दार उघडलं. कंगवा केसांतच लटकत होता. बाबांनी तो पाहिला, माझे डोळे पाहिले, आणि गॅलरीत स्टूल मांडलं.

"बस इथं. मी पाहतो."

मी लहान असताना आईच माझ्या वेण्या घालायची. बाबांनी माझ्या केसांना हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांनी कंगवा ओढून पाहिला, मी कळवळले, तसा त्यांनी झटकन हात मागे घेतला. मग चष्मा लावला आणि फोन घेऊन माझ्या समोरच बसले. औषधानं सरळ केलेले केस कसे सांभाळायचे, ते सांगणारा एका मुलीचा हिंदी व्हिडिओ त्यांना सापडला. ती सांगत होती की अशा केसांची वरची साल उघडी पडते, मग आत ओल टिकत नाही. सरळ झालेला केस पुन्हा कुरळा होत नाही, मुळातून नवा येईल तेवढाच कुरळा. बाबांनी तो भाग पुन्हा लावून ऐकला.

"म्हणजे हे आता परत येनार नाही?"

"नाही, बाबा."

"बरं. मंग जोवर हायेत तोवर त्यायले जपू."

त्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कंडिशनरची मोठी बाटली आणली. त्यांची बोटं इतकी खरखरीत की केस त्यांनाच अडकत. मग त्यांना त्यांच्या मिशांच्या कलपाच्या खोक्यातले प्लास्टिकचे हातमोजे आठवले. ते घालून त्यांनी माझ्या केसांना कंडिशनर माखलं आणि टोकाकडून सुरुवात करून, बोटांनीच, एकेक बट सोडवत वर गेले. दुपार झाली. कंगवा शेवटी सुटला तेव्हा त्यांनी तो धुऊन, पुसून माझ्या हातात दिला.

मग दर रविवारी तेच सुरू झालं. आधी कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू, तोही फक्त डोक्याच्या कातडीला. मग भरपूर कंडिशनर, आणि त्यावर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल. व्हिडिओतल्या मुलीनं अलसी उकळून तिचा चिकट रस लावायला सांगितला होता.

"अलसी म्हणजे आपली जवसच ना?" बाबांनी विचारलं.

"हाव."

"आजवर चटनीच केली तिची."

पहिल्या खेपेला त्यांनी ती फार वेळ शिजवली. सगळं इतकं घट्ट झालं की फडक्यातून गाळता येईना. दुसऱ्यांदा त्यांनी आईच्या एका विरलेल्या सुती साडीचा तुकडा घेतला आणि रस गरम असतानाच पिळून काढला. तो ओल्या केसांवर लावला की केस मऊ राहायचे, आणि ते मऊपण दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकायचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

टॉवेल बांधून अर्धा तास बसावं लागे. तेवढ्या वेळात बाबांना काही काम नसे, आणि ते बोलायला लागत. एरवी ते फारसं बोलत नाहीत. अशाच एका रविवारी ते म्हणाले, "तुह्या आईले पाह्यले गेलो ना, तं सरळ ड्युटीवरून गेलो होतो. तोंड धुतलं, अंगावरचा शर्ट बदलला. पन केसात कोयसा तसाच. कुरळे होते ना, निघे नाही."

मी मान वळवली. बाबांच्या डोक्यावर आता कानामागे तेवढे चार केस.

"मग?"

"मंग काय. तिनं चहा आनून देल्ला अन् माह्या डोक्याकडं पाहून हासली. लग्न झाल्यावर मी तिले इचारलं, तू 'हो' काहून म्हटलं? तं म्हने, ह्या मानसाचं डोकं कोनीतरी धुऊन द्यायले पायजे होतं."

"आणि धुतलं?"

"दर रविवारी. केस होते तोवर."

हे मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. आईनंही नाही. बाबांनी उठून टॉवेल गार झाला का ते चाचपलं आणि पुन्हा गरम पाण्यात पिळून आणला.

प्लास्टर निघालं, व्यायाम सुरू झाले. एप्रिलच्या कोरड्या हवेतही केस बरे होते. पण मुळाशी आलेली कुरळी वाढ आणि खालचा सरळ भाग जिथे जुळत, तिथेच केस तुटायचे. एके दिवशी मी म्हणाले, "बाबा, कापून टाकते. खालचे सगळे."

त्यांना ते आवडलं नाही. "इतकी मेहनत केली त्यायच्यावर," ते म्हणाले. थोड्या वेळानं मात्र चप्पल घालून दारात उभे राहिले.

पार्लर बायकांचं, म्हणून ते बाहेर बाकावर बसले. मी आतून बाहेर आले तेव्हा केस जेमतेम दोन-तीन बोटंच उरले होते, सगळे कुरळे, जवळजवळ मुलासारखे. बाबा उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वळून ऑटोला हात केला. मला वाटलं, वाईट दिसतंय.

ऑटोत बसल्यावर ते बाहेर पाहत म्हणाले, "आता तू माह्यासारखी दिसून राहिली. तेव्हाच्या."

घरी आल्यावर त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मी गॅलरीत उभी राहून मानेला लागणारी हवा अनुभवत होते.

"आता किती दिवसानं धुवाचं?" त्यांनी आतून विचारलं.

"रविवारी."

"बरं," ते म्हणाले आणि आलं किसायला लागले.