बर्फाच्या तक्रारीची पंचवीस नावे

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९८२. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि धर्मराज सोनकांबळे वकील वाशीच्या सेक्टर एकमधल्या आपल्या खोलीत भिंग घेऊन दोन अंगठे ताडून पाहत होते. पहिला अंगठा तक्रार अर्जावरच्या नवव्या नावापुढचा : वेणूबाई तुळशीराम कोळी, राहणार सारसोळे. दुसरा बाविसाव्या नावापुढचा : सुंदराबाई गोवर्धन भोईर, राहणार करावे. दोन्ही ठशांमध्ये एकाच जागी तिरकी पांढरी रेघ होती. विळीवर मासळी कापताना लागलेल्या जुन्या जखमेची ती खूण होती. दोन बायकांना एकाच जागी, एकाच कोनात विळी लागत नाही.

कंपनीच्या वकिलांनी आदल्या दिवशीच्या टपालाने पाठवलेल्या जबाबात नेमके हेच लिहिले होते. क्रमांक नऊ आणि क्रमांक बावीस ही एकच व्यक्ती आहे, सबब तक्रारदार चोवीस आहेत, सबब तक्रार चालवता येत नाही.

मक्तेदारीविरोधी कायद्यात तशी अट होती. सामान्य ग्राहकांना दिल्लीच्या आयोगापुढे जायचे तर किमान पंचवीस जण हवेत. चोवीस असतील तर तक्रार मुळातच तक्रार नव्हती. सुनावणी सोमवारी, पंधरा तारखेला होती.

तक्रार बर्फाची होती. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत बर्फाचे तीन कारखाने होते. त्यातल्या 'हिमकमल' कंपनीने १९७९ मध्ये दुसरा विकत घेतला आणि वर्षभराने तिसरा. खाडीकाठच्या गावांना बर्फाची लादी मिळण्याचे ठिकाण एकच उरले. मग कंपनीने अट घातली. बर्फ हवा असेल तर मासळी कंपनीच्या दलालालाच द्यायची. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरची बोय आणि कोळंबी स्वतः पाटीत घालून बाजारात नेत होत्या, त्यांच्या हातात बाजार राहिला नाही. बर्फ न घेणाऱ्यांची मासळी दुपारपर्यंत मऊ पडू लागली.

असे कारखाने गिळले जातात कसे, हे सोनकांबळ्यांना चांगले माहीत होते. नांदेडजवळच्या खेड्यातल्या बौद्धवाड्यातून ते शिकून मुंबईला आले आणि फोर्टमधल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत नऊ वर्षे राहिले. कंपन्यांच्या विलीनीकरणाला सरकारी परवानगी मागणारे अर्ज तिथे तयार होत. 'हे विलीनीकरण सार्वजनिक हिताला बाधक नाही' हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने शेकडो वेळा लिहिले होते. अर्ज त्यांनी लिहायचा आणि अशिलासमोर दुसऱ्याने बसायचे, अशी त्या कचेरीची पद्धत होती. १९८० मध्ये ते बाहेर पडले. बायको आणि मुलगी गावी गेल्या. वाशीच्या खोलीत ते, एक टंकलेखन यंत्र आणि अर्धवेळ कारकून रावसाहेब एवढेच उरले.

'हिमकमल'ची खरेदी त्यांनी आधी विलीनीकरणाच्या कलमाखाली तपासली. तिन्ही कारखान्यांची मालमत्ता एकत्र धरूनही कायद्याच्या मर्यादेच्या खूप खाली होती. दिल्लीतल्या कायद्याच्या नजरेला दिसावी एवढी ती मक्तेदारी मोठीच नव्हती. पकडायची तर बर्फावरची अटच पकडता येत होती, आणि तिला पंचवीस माणसे लागत होती. मच्छीमार सोसायटीने अंग काढून घेतले होते. म्हणून एकेक नाव गोळा केले. सारसोळ्याची चौदा नावे त्यांनी स्वतः घेतली, तीही नारळी पौर्णिमेच्या दिवशी, सगळे गाव घरी सापडेल म्हणून. करावे गावची अकरा नावे पंधरा दिवसांनी रावसाहेबांनी आणली.

चूक तिथेच झाली होती. सणाला लेकी माहेरी येतात. वेणूबाई आलेली होती. वडील तुळशीराम अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्या घराचा अंगठा तिने दिला. रावसाहेब करावे गावात तिच्या सासरी गेले, तेव्हा नवरा गोवर्धन होडीवर होता. त्याही घराचा अंगठा तिनेच दिला. लग्नात बदललेले नाव सासरी, जन्माचे नाव माहेरी. सोनकांबळ्यांच्या स्वतःच्या पत्नीचे माहेरचे नाव गोजरा होते आणि सासरचे नंदिनी. तरी त्यांना ते सुचले नव्हते.

साडेसहाला त्यांनी नवा अर्ज टंकायला घेतला. जुन्यात एक नाव वाढवून भागणार नव्हते. दाखल झाला तेव्हाच तो अपुरा होता. नव्या तारखेची, नव्या पंचवीस अंगठ्यांची दुसरी तक्रार जुनी निकालात निघण्याआधी दिल्लीत पोचली, तरच काही आशा होती. दिल्लीला टपाल दोन दिवस घेते आणि आयोगाची कचेरी दुसऱ्या शनिवारी बंद. म्हणजे अर्ज बुधवारीच वाशीहून निघायला हवा होता. पंचवीस अंगठ्यांसाठी एक दिवस होता.

नऊ वाजता ते महामार्गावर बसमधून उतरून सारसोळ्याला चालत गेले. बयाबाई धक्क्यावर जाळे सांधत बसली होती. साठीची, दोन मुले खाडीत गमावलेली, गावातल्या मासळीवाल्या बायका तिचा शब्द मानत. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले की मागच्या अंगठ्यांनी काय मिळाले. त्याचे उत्तर तिला माहीत होते. नोव्हेंबरात अर्जाची प्रत कंपनीकडे गेली आणि त्या यादीतल्या घरांचा बर्फ त्याच आठवड्यात बंद झाला.

"चवदा घरांची मासली तू सडवलीस, वकीलदादा," ती म्हणाली. "आता म्हनतोस, ती नावंच धरायची नाय. मंग बर्फ कोनाच्या नावानं बंद झाला?"

सोनकांबळ्यांनी पिशवीतून नवा अर्ज काढला. बयाबाईने जाळे बाजूला ठेवले आणि त्यांच्याबरोबर दारोदार फिरायला निघाली.

बाकीच्या तेरा जुन्या नावांपैकी दोघांनी दलालाशी जमवून घेतले होते. त्यांनी दार उघडले, पाणी दिले आणि मान हलवली. अकरा जणांनी अंगठा दिला. एकाने तर वकिलांना ऐकू जाईल असे म्हटले की बुडालेल्या होडीला आणखी एक भोक पडले म्हणून काही बिघडत नाही. चार नवी नावे बयाबाईने मिळवली, त्यात एक तिचे स्वतःचे. पहिल्या वेळी तिने अंगठा दिला नव्हता. कारण विचारल्यावर तेव्हा म्हणाली होती की कागदावर तिचा विश्वास नाही. या वेळी कोणी विचारले नाही. दुपारी एकला पंधरा झाले.

तिथून बांधाबांधाने दोघे करावे गावात आले. तिथल्या दहा जुन्या नावांपैकी आठ मिळाली. शेवटचे घर गोवर्धनचे. तो महिन्याभरापासून दलालाच्या काट्यावर मासळी तोलत होता. उंबऱ्यात उभा राहून त्याने सांगितले की त्याच्या बायकोच्या अंगठ्याने त्याला कंपनीच्या वकिलापुढे बसवले, दोन तास प्रश्न विचारले, आणि आता त्याच्या घरचे नाव कुठल्याच कागदावर जाणार नाही. तो ओरडला नाही.

वेणूबाई आतून बाहेर आली. तिने खोटे केले, असे तिला वाटत नव्हते. तिला घरामागे एक अंगठा मागितला होता. तिची घरे दोन होती, ती दोन्ही घरांना पुरी पडली. माणसे मोजायची होती, हे तिला कुणी सांगितले नव्हते. सोनकांबळ्यांनी कबूल केले की ते सांगायचे राहिले.

"या टायमाला कोनतं नाव लिव्हायचं ते तुमी ठरवा," ती म्हणाली. "माह्यारचं लिव्हा, सासरचं लिव्हा. अंगठा माझा हाय."

गोवर्धन उंबऱ्यावरून बाजूला झाला आणि धक्क्याच्या दिशेने चालू लागला. सोनकांबळ्यांनी सासरचे नाव लिहिले, पुढे 'ऊर्फ' घालून माहेरचे. ती चोविसावी.

साडेपाचला ते वाशीला परतले. कायद्यात शब्द 'ग्राहक' होता. मासळी खाणाराही ग्राहकच, असा युक्तिवाद करता येईल असे त्यांनी बसमध्ये ठरवले. दुबळा युक्तिवाद होता, पण दुसरा नव्हता. त्यांनी इमारतीतल्या तीन दारांवर थाप दिली. पहिले बिऱ्हाड मंत्रालयातले, दुसरे सिडकोतले. दोन्हीकडे सरकारी नोकरीत असल्या कागदावर सही चालत नाही, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या घरातल्या श्यामसुंदर नावाच्या गृहस्थांचे नोकरीचे कारण नव्हते. ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचं काम चांगलंय. पण टेन्शन कोण घेणार? मासळी आम्ही दलालाकडूनच घेतो, स्वस्त पडते." हे खरे होते. पहिले सहा महिने दलाल स्वस्त विकणार होता. फोर्टच्या कचेरीत सोनकांबळ्यांनी अशा स्वस्त महिन्यांचे तक्ते पाहिले होते, आणि त्यानंतरच्या वर्षांचेही.

सात वाजता बयाबाई सेक्टरच्या कोपऱ्यावर उरलेली निवटीची मासळी घेऊन बसली होती. बर्फ नसल्यामुळे तिने पाटीवर ओले गोणपाट टाकले होते. सोनकांबळ्यांनी आकडा सांगितला.

"मंग पंचविसावा तू हो," ती म्हणाली. "रईवारी माझ्याकडून मासली घेतोस का नाय?"

त्यांनी समजावले की वकील आणि तक्रारदार एकाच वेळी होता येत नाही. अर्जावर नाव लिहिले तर वकीलपत्र सोडावे लागेल. मग दिल्लीत त्यांना फक्त स्वतःपुरते बोलता येईल, बाकी चोवीस जणांच्या वतीने नाही. दुसरा वकील फी घेतल्याशिवाय येणार नाही, आणि फी द्यायला कुणाकडे काही नाही. शिवाय कंपनीचा पहिला आक्षेप याच नावावर येईल, कारण त्यांनी आयुष्यात कधी बर्फाची लादी विकत घेतलेली नाही.

"आनी नाव नाय लिव्हलं तर?"

"तर सोमवारी पाच मिनिटांत संपेल."

"वकील राहून तू आमच्यासाठी काय करनार मंग? चोवीस जनांचा वकील?" तिने एका गिऱ्हाईकाला निवटीचा वाटा करून दिला आणि मग पुन्हा वळली. "पाच मिन्टांत संपायला मी तिथं अंगठा दिला नाय, बाबा."

सोनकांबळे खोलीवर आले. आपले वकीलपत्र मागे घेत असल्याचा दोन ओळींचा अर्ज त्यांनी टंकला आणि सही केली. मग यादीच्या तळाशी लिहिले : पंचवीस, धर्मराज संभाजी सोनकांबळे, वय एकेचाळीस, राहणार वाशी. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावे यावर ते बराच वेळ अडले. शेवटी तो रिकामा ठेवला. आठ वाजता रावसाहेब आले, त्यांनी पाने लावली, पाकिटावर दिल्लीचा पत्ता लिहिला आणि विचारले की सोमवारी या लोकांच्या वतीने उभे कोण राहणार. सोनकांबळे म्हणाले की ते अजून ठरलेले नाही.

वाशीचे टपाल कार्यालय उद्या, बुधवारी, सकाळी दहा वाजता उघडते. रजिस्टर पाकिटे दुपारी तीनपर्यंत घेतात.