एस्टीच्या आधी पोचताल

“बसा वर. वजन टाका.”

पंक्चर काढून चाक परत बसवलं, की आमच्या फाट्यावरचा सायकल मिस्त्री गिऱ्हाइकाला हे सांगायचाच. दुसरे मिस्त्री तुम्ही पाहिलेच असतील. सायकल उलटी करतात, नट आवळतात, गिऱ्हाईक वाटेला लावतात. याला ते खपायचं नाही. “लटकतं चाक खोटं बोलतंय,” म्हणायचा. सायकल सरळ उभी करायची, माणूस वर बसवायचा, वजनानं आस जागेवर बसला की मग नट आवळायचे. नंतर माणसाला उतरवून चाक गरकन फिरवायचं आणि कान लावायचा. रिमच्या दोन्ही बाजूंना ब्रेकचं रबर सारख्या अंतरावर दिसेपर्यंत सायकल काही मिळायची नाही.

एकदा मुलगी बघायला निघालेला एक गडी त्याच्या तावडीत सापडला. ब्रेक जरासा घासत होता. “सासरच्या दारात सायकल करकरली, तर पोरगी काय म्हणंल?” म्हणत यानं त्याला तासभर बसवून ठेवलं. तिकडं मुलीकडचे वाट बघून जेवून मोकळे झाले. पण लग्न जमलं बरं का, आणि मिस्त्रीला पहिल्या पंगतीचं बोलावणं आलं.

माझं आणि त्याचं लई सूत होतं. घरातलं बायकोला सांगायच्या आधी त्याला सांगायचो, एवढा मी मूर्ख.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आमच्या दूध संस्थेत सरकारी चारा यायचा आणि चेअरमनच्या भावकीत जिरायचा. वस्तीवरची जनावरं वाळलेली पाचट चघळत होती. माझ्या दोन म्हशींच्या बरगड्या मोजता येत होत्या. निवडणूक लागली तेव्हा वस्तीनं मला उभं करायचं ठरवलं. पण अर्जावर सूचक म्हणून सही करायला सगळ्यांचीच टाळाटाळ. शेवटी अगदी शेवटच्या दिवशी सकाळी दोन सह्या मिळाल्या. अर्ज तालुक्याला, कळंबच्या कचेरीत तीनच्या आत द्यायचा होता. तो चुकला तर चेअरमन बिनविरोध, आणि चारा पुन्हा त्याच्याच गोठ्यात.

अकरा वाजता फाट्यावर आलो तर मागचं चाक पंक्चर. काय काम आहे ते मिस्त्रीला ठाऊकच होतं, आदल्या दिवशी मीच सांगितलं होतं. त्यानं चाक खोललं तेवढ्यात कळंबची एस्टी आली. मी पिशवी उचलली.

“बसा हो भाऊ. एस्टी गावं फिरत जाती. एस्टीच्या आधी पोचताल.”

मी बसलो. एस्टी गेली, पुढची थेट संध्याकाळी. त्याचं आपलं चाललंच होतं, ट्यूब पाण्यात बुडव, परत बुडव. चाक बसवता बसवता एक वाजून गेला. “झालं. जावा आता,” म्हणाला आणि पाठ फिरवून पाना पुसत बसला. मला वर बसायला सांगितलं नाही, कान लावला नाही. माझी घाई बघून सोडलं असेल, असं मला वाटलं.

कोसभर गेलो आणि चाक एका बाजूला सरकलं. रिम रबरावर दाबून बसली, टायर चिमट्याला घासायला लागला. दगडानं ठोकून सरळ केलं, की शंभर पावलांवर परत वाकडं. एका बाजूचा नट नुसता टेकवलेला होता. पाना जवळ नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटी सायकल बाभळीखाली टाकली आणि पळत सुटलो. कचेरीत पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. कारकून भला माणूस, त्यानं पाणी दिलं. अर्ज मात्र घेतला नाही.

उन्हाळा संपायच्या आत एक म्हैस मेली, दुसरी कसायाच्या दावणीला गेली. केसानं गळा कापला माझा, दुसरं काय म्हणू?

पाऊस झाल्यावर एका सकाळी मिस्त्री माझ्या दारात आला. तीच आमची शेवटची भेट. पुढं तो दुकान बंद करून कारखान्यावर गेला, आणि तिकडंच वारला म्हणे.

“माझी गाय चेअरमनच्या चारा छावणीत हुती,” तो म्हणाला. “त्यानं सांगितलं, अर्ज पोचला तर गाय बाहेर काढीन.”

“मग मला तसं सांगायचं होतं, मिस्त्री. सायकल दुरुस्त होत न्हाय म्हणायचं. मी एस्टीनं गेलो असतो. चालत गेलो असतो.”

त्यानं मान खाली घातली.

“चालत बी येळेवर पोचला असता, भाऊ. म्हणून तर सायकल हातात घेतली.”

मी दार लावून घेतलं. तो बाहेर किती वेळ उभा होता, मला माहीत नाही.