अस्सल पत्रा

दादा गेल्याचा फोन सावर्ड्याच्या शाळेत आला, तेव्हा मी सहावीला शिकवत होते. तास पुरा केला आणि मग निघाले. माझा सख्खा थोरला भाऊ तो. रत्नागिरीत त्याच्याविषयी सगळे चांगलंच बोलले... गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मला ते जमणार नाही.

आमचे वडील, अप्पा, डॉक्टर. जुन्या विलायती मोटारीतून त्यांनी आसपासची खेडी पालथी घातली. हात थरथरू लागले तशी ती परसात उभी राहिली आणि खाऱ्या वाऱ्याने तिची दारं, मडगार्डं खाऊन टाकली. वयाच्या ऐंशीच्या सुमारास अप्पांनी अंथरूण धरलं. त्यांचं एकच मागणं होतं, याच गाडीतून एकदा मुरुडला, आपल्या मूळ घरी जायचं. इंजिन दादाने महिन्याभरात चालू केलं, तेवढं कबूल. राहिला पत्रा. मुंबईच्या मामेभावाने तसल्याच एका मोडीत काढलेल्या गाडीची धडधाकट दारं-मडगार्डं ट्रकने पाठवली. नुसती बसवायची होती. दादाने ती आल्या पावली परत धाडली. म्हणाला, "दुसऱ्याचं कातडं अप्पांच्या गाडीला लावायचं नाही. आहे तोच पत्रा दुरुस्त करीन."

मग सुरू झाली त्याची तपश्चर्या. गंजलेला तुकडा कापायचा, नवा झाळायचा, ठोकून सारखा करायचा, हाताला जरा चढउतार लागला की पुन्हा ठोकायचा. रंग खरवडून पत्रा उघडा पडला आणि पावसाळा तोंडावर आला. तेव्हा या शहाण्याने होड्यांना चोपडतात ते माशाचं तेल सगळ्या पत्र्याला चोपडलं. आमच्या सोवळ्याच्या घरी गावातली मांजरं मुक्कामाला आली. गणपती झाल्यावर दिलेला रंग तेलकट पत्र्यावर धरेना, पापुद्रे सुटले. पुन्हा सगळं खरवडणं आलं. अप्पा खिडकीतून बघत असत. एकदा म्हणाले, "मेल्या, मला गाडीत बसायचंय. तिची पूजा नाही बांधायची." दादा हसून पुन्हा ठोकायला लागला. मी भाड्याची गाडी करते म्हटलं, तर अप्पाच नको म्हणाले... पोराचं मन मोडेल म्हणून.

त्या थंडीत अप्पा गेले. गाडी पुढच्या वर्षी तयार झाली. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली, सांधा कुठे दिसेल तर शपथ. दादाने मला फेरीला बोलावलं, मी गेले नाही. त्याचं अप्पांवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणेल तर मीच भांडेन. पण ज्याच्यासाठी करायचं त्याच्याकडे एकदा मान वर करून बघायला नको?

गेल्या महिन्यात दादाच्या अस्थी मुरुडला न्यायच्या होत्या. वहिनी म्हणाली, त्यांच्याच गाडीतून नेऊ. पुतण्या चालवायला बसला, मी मागे. दार ओढलं तर अप्पा ओढायचे तेव्हाचाच जड, घट्ट आवाज आला. शेजारी, अप्पांनी बसायचं त्या जागी, दादाचा कलश होता. मुरुडपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.